ससाण्यांच्या मागावर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. याच सुमारास अमूर ससाणे ईशान्य भारत सोडून आपल्या राज्यावरून आफ्रिकेकडे निघालेले असतात. त्यानंतर महिन्याभरात सह्याद्रीच्या कड्यांवर शाहीन ससाण्यांच्या (बहिरी ससाण्याचा इथला रहिवासी उपप्रकार) जोड्या विणीची तयारी सुरू करतात. त्यामुळे या वेळच्या टपालात बहुतेक पत्रे ससाण्यांविषयीची आहेत. एकाच विषयावरचे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

अमूर ससाण्याला लावलेल्या उपग्रह टॅगचा नकाशा पाहिला. पक्षी दोन दिवस एकाच जागी बसलेला दिसतो आणि मग एकदम सरळ रेषेत अरबी समुद्रापार पोचतो. असे कसे? आणि त्यावरून वेग काढता येतो का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी

नकाशावरचे ठिपके खरे असतात, मधली रेघ संगणकाने ओढलेली असते. पक्ष्याच्या पाठीवरचा ५ ग्रॅमचा सौर टॅग सतत बोलत नाही. त्याची बॅटरी इतकी लहान असते की त्याला ठरावीक पाळीने चालवावे लागते. बऱ्याच टॅगमध्ये ही पाळी १० तास चालू आणि ४८ तास बंद अशी असते. बंद काळात पक्षी कुठेही गेला तरी नकाशाला ते कळत नाही. म्हणून 'दोन दिवस बसलेला' पक्षी प्रत्यक्षात दोन दिवस उडत असू शकतो. नकाशा वाचताना प्रत्येक ठिपक्याची तारीख आणि वेळ आधी पाहा, रेघेकडे नंतर वळा.

दुसरी गोष्ट ठिपक्याच्या अचूकतेची. हे लहान टॅग आर्गोस या उपग्रह यंत्रणेवर चालतात आणि त्यांत जीपीएस नसते. टॅग दर मिनिटाला वगैरे एक संदेश सोडतो. डोक्यावरून जाणारा उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना त्या संदेशाची वारंवारिता किंचित बदलते आणि त्या बदलावरून जागा काढली जाते. एक उपग्रह जेमतेम दहा मिनिटे टप्प्यात असतो. तेवढ्यात चार किंवा अधिक संदेश मिळाले तर जागेला ३, २, १ किंवा ० असा दर्जा मिळतो. ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत, २ म्हणजे २५० ते ५००, १ म्हणजे ५०० ते १५०० मीटर आणि ० म्हणजे त्याहून जास्त. तीनच संदेश मिळाले तर दर्जा 'ए', दोनच मिळाले तर 'बी'. या दोन्हींत चूक किती आहे याचा अंदाजच दिला जात नाही आणि ती कित्येक किलोमीटरची असू शकते. शिवाय या पद्धतीत गणिताला नेहमी दोन उत्तरे येतात, उपग्रहाच्या वाटेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरे. यंत्रणा त्यांतले जास्त संभाव्य निवडते. कधी ती चुकते आणि पक्षी अचानक शेकडो किलोमीटर बाजूला फेकल्यासारखा दिसतो. पुढच्या फेरीत तो मूळ वाटेवर परत आलेला असेल, तर तो ठिपका सरळ बाद करा.

वेग काढणे सोपे आहे. समजा, पहिला ठिपका १८.७ उत्तर, ७३.४ पूर्व असा लोणावळ्याच्या आसपासचा आहे आणि २८ तासांनंतरचा ठिपका १४.७ उत्तर, ६०.४ पूर्व असा भर समुद्रातला आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी, म्हणून ४ अंशांचे झाले ४४४ किमी. रेखांशाचा अंश उत्तरेकडे जावे तसा आखडत जातो. दोन्ही अक्षांशांची सरासरी १६.७ येते, तिथे तो साधारण १०६ किमी भरतो. १३ अंशांचे झाले सुमारे १३८० किमी. दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. अंतर येते सुमारे १४५० किमी. त्याला २८ ने भागले की ताशी ५२ किमी. हा जमिनीच्या संदर्भातला वेग आहे. त्यात पाठच्या वाऱ्याचा वाटा धरलेला असतो, त्यामुळे पक्षी तितक्या वेगाने पंख मारत होता असा अर्थ काढू नका.

सगळ्यात जास्त गफलत होते ती एकमेकांजवळच्या वेळांचे ठिपके घेतल्यावर. एका तासाच्या अंतराने आलेल्या 'बी' दर्जाच्या दोन ठिपक्यांत प्रत्येकी २० किमीची चूक असली, तर बसलेला पक्षीही ताशी ४० किमीने उडताना दिसेल. वेग काढायला १, २, ३ दर्जाचेच ठिपके घ्या आणि त्यांच्यात निदान सहा-सात तासांचे अंतर ठेवा. ताशी १२० किमीच्या वर आलेला आकडा पुन्हा तपासा.

सरावासाठी मूव्हबँक हे मॅक्स प्लँक संस्थेचे विनामूल्य संकेतस्थळ चांगले आहे. संशोधकांनी खुले केलेले अनेक पक्ष्यांचे मार्ग तिथे तारीख-वेळेसह मिळतात.

इतका लहान पक्षी एवढा समुद्र न थांबता कसा ओलांडतो? वाटेत खातो काय?
— देवगड

अमूर ससाणा पारव्यापेक्षाही हलका असतो. नर साधारण १०० ते १५० ग्रॅम, मादी त्याहून थोडी जड. आग्नेय सायबेरिया, ईशान्य मंगोलिया आणि ईशान्य चीनमध्ये तो वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेकडे जातो. जाऊन येऊन वर्षाचा प्रवास २०,००० किमीच्या पुढे जातो. ईशान्य भारतातून निघून सोमालियाला टेकेपर्यंतचे साडेपाच हजार किमी टॅग लावलेल्या काही पक्ष्यांनी पाच-सहा दिवसांत कापलेले आहेत.

या उड्डाणामागे तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे शिदोरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँड, मणिपूर, आसाम, मेघालयात पंख फुटलेली वाळवी जमिनीतून थव्यांनी बाहेर पडते. ससाणे दोन-तीन आठवडे तिच्यावर ताव मारतात आणि अंगावर चरबी साठवतात. दुसरी म्हणजे वारा. नैऋत्य मोसमी पाऊस सरल्यावर ईशान्येकडून वाहणारे वारे त्यांना पाठीमागून ढकलतात. आफ्रिकेकडे जाण्याचा काळ आणि या वाऱ्यांचा काळ एकच आहे. तिसरी गोष्ट चतुरांची. ज्याला जगभटक्या चतुर म्हणता येईल असा पँटाला फ्लावेसेन्स याच महिन्यांत भारताकडून मालदीववरून आफ्रिकेच्या दिशेने जातो. हा प्रवास जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडला आणि ससाण्यांसारखे कीटकभक्षी पक्षी त्याच वाटेने, त्याच सुमाराला जातात हेही दाखवले. उडत्या चतुराला पकडून हवेतच खाणे ही अमूर ससाण्याची रोजची सवय आहे, त्यामुळे समुद्रावरही तो तसेच खात असावा असे मानायला जागा आहे. ५ ग्रॅमच्या टॅगमधून मात्र त्याचे जेवण दिसत नाही.

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ असेल तर वारे उलटतात. अशा वेळी किनाऱ्याच्या आतल्या माळरानांवर आणि सड्यांवर पक्षी थांबून राहिलेले दिसतात. देवगडकरांनी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हवामान खात्याचा इशारा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर जरूर नजर टाकावी.

पुण्याजवळच्या पठारांवर अमूर ससाणा ओळखायचा कसा? खरुची (केस्ट्रेल) आणि तो यांत नेहमी घोटाळा होतो.
— पक्षीनिरीक्षकांचा एक गट, पिंपरी

नराबाबत घोटाळा व्हायचे कारण नाही. अंग काजळी-राखाडी, शेपटीखालचा भाग आणि मांड्या तांबूस-विटकरी, पाय आणि डोळ्यांभोवतीचे कडे नारिंगी-लाल. उडताना पंखांच्या खालच्या बाजूचा पुढचा भाग पांढराशुभ्र आणि मागची पिसे काळी दिसतात. ही खूण लांबूनही चुकत नाही.

अडचण मादीची आणि पहिल्या वर्षाच्या पिल्लांची. खरुचीची पाठ विटकरी असते, अमूर मादीची पाठ करडी असते आणि तिच्यावर गडद पट्टे असतात. तिच्या पांढुरक्या छातीवर काळे ठिपके-पट्टे, डोळ्याखाली मिशीसारखी काळी रेघ आणि पाय नारिंगी. खरुचीचे पाय पिवळे असतात. पिल्लांच्या पाठीच्या पिसांना तांबूस कडा असते, त्यामुळे ती वरवर पाहता खरुचीसारखी भासतात. तेव्हा शेपटी आणि वागणूक पाहा. खरुचीची शेपटी लांब असते, ती एका जागी हवेत थांबून खाली पाहते आणि जमिनीवर उतरते. अमूरही अधूनमधून तसा थांबतो, पण बहुतेक वेळ तो हवेतच वळणे घेत किडे पकडतो आणि पाय पुढे घेऊन उडता उडता खातो. विजेच्या तारांवर जवळजवळ बसलेले चार-पाच लहान ससाणे दिसले तर आधी अमूरचाच विचार करा, कारण खरुची सहसा एकटी बसते.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा ते डिसेंबरचा मध्य हा आपल्याकडचा चांगला काळ. लोणावळ्याची पठारे यासाठी प्रसिद्ध आहेत. गवताळ, उघडे, तारा आणि सुटी झाडे असलेले कुठलेही माळरान चालेल. ऊन तापायच्या आधीचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा दीड तास या वेळा साधा. परतीच्या प्रवासात, एप्रिल-मेमध्ये, ते आपल्याकडे फार थोडे दिसतात.

नोंद करताना नुसते 'अमूर, १२' लिहून थांबू नका. नर किती, माद्या किती, पिल्ले किती, कोणत्या दिशेला गेले, वारा कुठून होता, काय खात होते, किती वेळ पाहणी केली, हे सगळे लिहा. जिथे नेहमी जाता तिथे एकही दिसला नाही तर तीही नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. पक्षी कधी आले हे ठरवायला 'काल नव्हते' ही नोंद लागतेच, आणि नेमकी तीच कोणी करत नाही. गाडी थव्याच्या खाली नेऊन पक्षी उडवण्याची चाल छायाचित्रकारांत बोकाळली आहे. ती थांबायला हवी. पुढे तीन हजार किमी समुद्र असलेल्या पक्ष्याची चरबी अशी फुकट घालवणे हा त्याचा सरळ तोटा आहे.

आम्ही ज्या कड्यावर रॅपलिंग करतो तिथे शाहीन ससाण्याची जोडी दिसते. घरटे आहे का हे कसे ओळखायचे? किती अंतर ठेवायचे? कार्यक्रम कोणत्या महिन्यांत बंद ठेवायचा?
— गिर्यारोहण संस्था, नाशिक

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. आधी तारखा. डिसेंबर-जानेवारीत जोडी कड्याभोवती घिरट्या घालते, नर हवेतच मादीला भक्ष्य देतो, आरडाओरडा वाढतो. जानेवारी ते मार्च या काळात बहुतेक जोड्या अंडी घालतात, सहसा ३ किंवा ४. शाहीन काड्या रचून घरटे बांधत नाही. कपारीत किंवा छज्जासारख्या जागी माती-खडीत पोटाने उथळ खळगा केला की झाले. कधी दुसऱ्या मोठ्या पक्ष्याचे जुने घरटेही वापरतो. उबवण सुमारे एक महिना चालते. पिल्ले पाच-सहा आठवड्यांची झाली की उडतात आणि त्यानंतरही महिनाभर किंवा अधिक काळ आईबापांच्या जिवावर जगतात. म्हणून त्या कड्यावर १५ डिसेंबर ते मेअखेर दोर टाकू नका. पिल्ले उशिरा निघालेली दिसली तर जूनचा पहिला पंधरवडाही सोडा. पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने तुम्हाला मोकळे आहेत.

घरट्याच्या खुणा अशा. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात, पण ते गिधाडांच्या आणि खरुचीच्याही कपारीखाली असतात, म्हणून त्यांवरून निष्कर्ष काढू नका. पक्षी त्याच कपारीत पुन्हा पुन्हा शिरतो आणि बराच वेळ बाहेर येत नाही, ही खरी खूण. एक पक्षी भक्ष्य घेऊन आला, दुसरा कपारीतून निघून ते घेऊन गेला आणि पहिला आत जाऊन बसला, तर उबवण चालू आहे असे समजा.

पाहणी दरीच्या पलीकडून करा. निदान ३०० मीटर अंतर, तिपाईवर २० ते ६० पट मोठे दाखवणारा स्पॉटिंग स्कोप आणि लोकांची संख्या दोन-तीन. घरट्याच्या वरच्या बाजूला माणूस दिसला की ससाणा खालच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त बिथरतो. शंभर मीटर खालचा गुराखी त्याला चालतो, पण माथ्यावर आलेले चार ट्रेकर चालत नाहीत. रॅपलिंग घातक ठरते ते यासाठीच. 'केक्-केक्-केक्' असा सलग कर्कश ओरडा सुरू झाला, पक्षी तुमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागला किंवा उबवणारा पक्षी उठून गेला, तर तिथून तुम्ही निघायचे. तो शांत होईल म्हणून वाट पाहत थांबू नका. मार्चच्या उन्हात उघडी पडलेली अंडी थंडीने नव्हे, उष्णतेने मरतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कातळावर दुपारी तर फार थोडा वेळ पुरतो. आणखी एक धोका म्हणजे पिल्ले चार आठवड्यांपुढची झाल्यावरचा गोंधळ. उडता येत नसतानाही ती दचकून कपारीतून बाहेर झेप घेतात आणि खाली पडतात.

पिल्लांचे वय लांबूनही कळते. पहिले दहा-बारा दिवस ती पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखी असतात. तिसऱ्या आठवड्यात पंख-शेपटीवर तपकिरी पिसांच्या कडा दिसू लागतात. पाचव्या आठवड्यात अंग पिसांनी भरते आणि डोक्यावर तेवढे पांढरे पुंजके उरतात. पहिल्यांदा पिल्ले दिसली ती तारीख लिहा, वय वजा करा, त्याच्या मागे उबवणीचा एक महिना धरा. अंडी कधी घातली ते कपारीजवळ न जाता कळेल. दर आठवड्याला एकदा, सकाळी तीन तास, एवढी पाहणी पुरते.

ड्रोन अजिबात नाही. ससाणा त्यावर हल्ला करतो आणि पात्यांनी कापला जातो. कड्याचे नाव, छायाचित्राची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. पिल्ले चोरणाऱ्यांना आणि गर्दी करणाऱ्यांना तीच माहिती हवी असते. वनविभागाच्या स्थानिक अधिकाऱ्यांना लेखी कळवा, म्हणजे इतर संस्थांचे कार्यक्रमही त्या काळात थांबवता येतील.

टॅगच्या ओझ्याने पक्षी दगावत नाहीत का? हे करणे योग्य आहे का?
— नागपूर

शंका रास्त आहे. टॅग आणि पट्टे मिळून वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंत असावे, हा सर्वत्र पाळला जाणारा दंडक. काही ठिकाणी ५ टक्क्यांपर्यंत सूट घेतली जाते. ५ ग्रॅमचा टॅग १५० ग्रॅमच्या पक्ष्याला ३.३ टक्के होतो, म्हणजे अमूर ससाण्यात तो काठावर आहे. म्हणूनच टॅग लावायला चांगले पोसलेले, वजनदार पक्षी निवडतात आणि हलके पक्षी पायात नुसती ओळखीची कडी घालून सोडतात. आता २ ग्रॅमपर्यंतचे सौर टॅगही मिळतात.

वजनाइतकाच त्रास वाऱ्याच्या अडथळ्याचा आणि पट्ट्यांचा असतो. टेफ्लॉनच्या फितीचा पाठपिशवीसारखा पट्टा छातीवरून किंवा मांड्यांवरून जातो. घट्ट बसला तर छातीच्या हाडावर जखम होते. सैल राहिला तर पंखाचे टोक किंवा चोच त्यात अडकते. त्यातून प्रवासी पक्ष्याची छाती चरबी साठवताना फुगते आणि समुद्र ओलांडल्यावर खपाटीला जाते, त्यामुळे आज अचूक बसलेला पट्टा पंधरवड्यानंतर सैल होतो. शिवण सुती दोऱ्याची ठेवली तर काही काळाने ती कुजून टॅग आपोआप गळतो. पकडण्यापासून सोडण्यापर्यंतचा वेळ जितका कमी तितके बरे, डोळे झाकलेले हवेत आणि काम सकाळच्या गारव्यात उरकायला हवे.

आमचे मत असे आहे की प्रश्न नेमका असेल आणि हात सरावलेले असतील तरच टॅग लावावा. 'बघू कुठे जातो' एवढ्यासाठी लावू नये. हौशी व्यक्तीला तर ते कायद्यानेही शक्य नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्षी पकडणे ही शिकारच धरली जाते आणि शास्त्रीय कामासाठीही रीतसर परवानगी लागते.

सिग्नल थांबला म्हणजे पक्षी मेला, असेच ना?
— सांगली

नाही. सिग्नल येत राहिला तरी पक्षी मेलेला असू शकतो आणि थांबला तरी जिवंत असू शकतो. टॅग जागेसोबत तापमान, बॅटरीची पातळी आणि हालचालीचा आकडा पाठवतो. ठिपके त्याच जागी, हालचालीचा आकडा गोठलेला आणि तापमान दिवसा कडक, रात्री थंड असे हवेबरोबर वरखाली होत असेल, तर पक्षी मेला किंवा टॅग गळून पडला. जिवंत पक्ष्याच्या पाठीवर रात्रीही थोडी ऊब राहते. बॅटरी हळूहळू उतरत जाऊन टॅग गप्प झाला, तर सौरपट्टीवर पिसे आली किंवा ढगाळ दिवस लांबले असे समजायचे. असे टॅग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा बोलू लागतात. सगळे उत्तम चालू असताना एकाएकी थांबला, तर तारेला धडक, बुडणे, शिकार किंवा अँटेना तुटणे यांपैकी काहीही असू शकते.

नागालँडमधली कत्तल खरेच थांबली का?
— ठाणे

२०१२च्या हंगामात वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयाकाठी जाळी लावून मोठ्या प्रमाणावर अमूर ससाणे मारले गेले. काँझर्व्हेशन इंडियाच्या पाहणीतला त्या हंगामाचा अंदाज १,२०,००० ते १,४०,००० पक्ष्यांचा होता. छायाचित्रे बाहेर आली आणि देशभर खळबळ उडाली. त्यानंतर पांगती, आशा आणि सुंग्रो या गावांच्या ग्रामसभांनीच बंदी घातली, जाळी काढून घेतली गेली आणि २०१३च्या हंगामात तिथे शिकार झाली नाही. त्याच नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेने हंगेरीच्या अभ्यासकांसह तीन पक्ष्यांना टॅग लावले आणि नावे दिली नागा, वोखा आणि पांगती. आपल्या गावाचे नाव घेतलेला पक्षी आफ्रिकेत जाऊन परत येतो, हे गावकऱ्यांनी नकाशावर पाहिले. पुढे मणिपूरमधल्या तामेंगलाँगलाही तेच झाले. टॅगवर आक्षेप घेणाऱ्यांनी ही बाजूही विचारात घ्यावी.

मासेमारीची जाळी असलेल्या गावांचे एका हंगामाचे उत्पन्न त्यात बुडाले, हे विसरू नका. बंदी टिकवायची तर तिथल्या लोकांना पर्यटनातून वा अन्य मार्गाने काही मिळत राहायला हवे.

आमच्या इमारतीसमोरच्या मोबाइल टॉवरवर दर हिवाळ्यात मोठा ससाणा येऊन बसतो आणि कबुतरे मारतो. हा शाहीन की पाहुणा? दरवर्षी येतो तो एकच का?
— सोलापूर

दोन्ही बहिरी ससाण्याचेच उपप्रकार आहेत. शाहीन इथला रहिवासी. डोके-पाठ जवळजवळ काळी, पोट तांबूस, मिशी रुंद. ऑक्टोबर ते एप्रिल येणारा पाहुणा उत्तरेकडच्या टुंड्रातला. तो आकाराने मोठा, पाठीने फिका राखाडी, छातीला पांढरा आणि मिशीने बारीक असतो. पोटावर आडवे पट्टे असतील तर पक्षी प्रौढ, उभ्या रेघा असतील तर पहिल्या वर्षाचा. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. जूनमध्येही दिसला तर तो शाहीन.

हिवाळी ठिकाणाला चिकटून राहणे हा टुंड्रातल्या बहिरीचा स्वभाव आहे. युरेशियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सहा ठिकाणच्या ५६ पक्ष्यांना टॅग लावून केलेला अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यात पक्षी आपापल्या वाटेने आणि ठरलेल्या ठिकाणीच पुन्हा जातात असे दिसले, आणि लांब पल्ल्याचे प्रवासी व जवळच थांबणारे यांच्यात स्मरणशक्तीशी संबंध असलेल्या एडीसीवाय-८ या जनुकात फरक आढळला. तेव्हा तुमचा पाहुणा तोच असण्याची शक्यता चांगली आहे, फक्त खात्री करावी लागेल. डोक्याची डावी आणि उजवी अशी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. मिशीचा आकार आणि गालावरचा पांढरा भाग प्रत्येक प्रौढ पक्ष्यात थोडा वेगळा असतो. येण्याची आणि जाण्याची तारीख, बसण्याचा नेमका कोपरा, सकाळ-संध्याकाळच्या वेळा लिहून ठेवा. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याची तुलना पुढच्या वर्षी करता येणार नाही, कारण तोवर त्याची पिसे बदललेली असतात.

टॉवरखाली पडलेले अवशेष गोळा करा. मधल्या हाडाला जोडलेले दोन्ही पंख तसेच उरलेले आणि छातीच्या हाडाच्या कडेला चोचीचे खाचे, ही ससाण्याची खूण. पिसांचे दांडे चावलेले असतील तर ते मांजराचे काम. हातमोजे घाला, अवशेष कागदी पाकिटात तारखेसह ठेवा. महिन्याभरात पारवे किती, पोपट किती, पाणपक्षी किती हे समोर येईल. हे पक्षी काळोख पडतानाही शिकार करतात, तेव्हा वटवाघळाचे पंख सापडले तर नवल नाही.

इथे दुबईत लोक पाळीव ससाण्यांना ट्रान्समीटर लावतात. तो आणि वन्य पक्ष्यांचा टॅग एकच का?
— दुबईस्थित वाचक

नाही. शिकारीसाठी पाळलेल्या ससाण्याचा ट्रान्समीटर त्या दिवसापुरता असतो. पक्षी उडवण्याआधी शेपटीच्या पिसाला, पायाला किंवा पाठीवर लावतात आणि परतला की काढतात. हरवला तर काही किलोमीटरच्या टप्प्यात शोधायचा, एवढेच त्याचे काम. वन्य पक्ष्याचा टॅग वर्षानुवर्षे, पुन्हा हात न लावता चालला पाहिजे. तुमच्या अमिरातीत मात्र या दोन्हींची सांगड घातलेली आहे. शेख झायद ससाणा मुक्ती कार्यक्रमात १९९५पासून शिकारी ससाणे निसर्गात सोडले जातात आणि त्यांतल्या काहींना उपग्रह टॅग लावून ते तगतात का ते पाहिले जाते.

शेतात जमिनीवर बसलेला लहान ससाणा सापडला, पायात कडी आहे. काय करावे?
— पालघर

त्याच्यावर सुती कापड टाका आणि पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी उचला. बोटे नख्यांपासून लांब ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्याला खाली हवेची भोके पाडा, तळाशी जुना टॉवेल घाला, झाकण लावा आणि खोके अंधारात, गार, शांत जागी ठेवा. पिंजऱ्यात ठेवू नका, तारांवर पिसे मोडतात. पाणी चोचीत ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. दूध, भात, पोळी, मसाल्याचे मांस नको. वनविभागाच्या १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर लगेच कळवा. थकलेला पक्षी काही तासांच्या अंधाराने सावरतो, पण पंख लोंबत असेल तर त्याला पशुवैद्य लागतो.

कडी काढू नका. तिच्यावरची सगळी अक्षरे आणि आकडे कडी फिरवून चारही बाजूंनी टिपून घ्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७पासून देशात कड्या घालते आणि तिच्या कडीवर 'इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी' असे कोरलेले असते. परदेशी कडी असली तरी माहिती सोसायटीलाच कळवा, ती पुढे पोचवली जाते. सोबत तारीख, गाव, तालुका, पक्ष्याची अवस्था आणि शक्य असल्यास दोन्ही पायांचे छायाचित्र द्या. मेलेल्या पक्ष्याच्या पायातली कडीही तितकीच मोलाची आहे. तिथे कडीसह पायाचे छायाचित्र आधी घ्या.